कातळावर माणूस टिकतो कसा?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघालात की दहाबारा किलोमीटरवर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य लागते. झाडीच्या वर नजर टाकली तर किल्ल्याच्या माथ्यावर सरळ उभा असलेला दगडी सुळका दिसतो. मुठीतून अंगठा वर काढावा तसा त्याचा आकार. उंची सुमारे सव्वाशे फूट, म्हणजे बारा मजली इमारतीएवढी. त्याच्या अंगावर मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. तरीही प्रस्तरारोहण करणारी मंडळी दोर बांधून, खाचाखोबणी शोधत त्याच्या माथ्यावर जाऊन येतात.

खालून पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: हा माणूस खाली का पडत नाही? प्रश्न बाळबोध वाटतो, पण त्याचे उत्तर शोधताना तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले घर्षण, तरफ आणि शरीररचना असे तीन धडे एकत्र उघडावे लागतात.

कर्नाळ्याचा कातळ बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांपैकीच हा. सह्याद्रीच्या माथ्यावर हे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या परिसरात मात्र ते पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आढळतात. भूवैज्ञानिक या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. तुमच्या गावाचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत त्यामुळे गेले आहे, हे पनवेलकरांना ठाऊक असले तर उत्तमच. आरोहकाला मात्र बेसाल्टचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा वाटतो. तो घट्ट असतो तिथे पोलादासारखा घट्ट असतो, पण पावसाने आणि उन्हाने भेगाळला की हातातली खोबण हातातच निघून येते. म्हणून सह्याद्रीत चढणारा प्रत्येक पकड आधी बोटाने ठोकून पाहतो. पोकळ आवाज आला की तिला हात लावत नाही.

ही अनिश्चितता काढून टाकली तर उरते ती निव्वळ चढाई. तिचाच आज स्पर्धांचा खेळ झाला आहे. लाकडी फळ्यांची भिंत उभारायची, तिच्यावर प्लॅस्टिकच्या लहानमोठ्या पकडी बोल्टने बसवायच्या आणि कोण वरपर्यंत पोचतो ते पाहायचे. हा खेळ पनवेलपासून फार दूर नाही. २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०१७ च्या जूनमध्ये ‘बोल्डरिंग’ या प्रकाराच्या विश्वचषक मालिकेचा एकेक टप्पा शेजारच्या नवी मुंबईत भरला होता. १९५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेने त्यासाठी पुढाकार घेतला होता. २०१६ च्या त्या मालिकेचे पुरुषांचे एकूण अजिंक्यपद तोमोआ नारासाकी या विशीतल्या जपानी तरुणाने मिळवले.

नवी मुंबईत ती भिंत उभी राहिली तेव्हा जपानच्या चिबा प्रांतातील याचियो गावचा एक मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याचे नाव सोरातो आनराकु. जन्म १४ नोव्हेंबर २००६ चा. सात वर्षांनी, म्हणजे २०२३ च्या मोसमात, त्याने विश्वचषकाची बोल्डरिंगची एकूण ढाल जिंकली आणि त्याच वर्षी ‘लीड’ची, म्हणजे दोर बांधून उंच चढण्याचीही जिंकली. एकाच मोसमात दोन्ही अजिंक्यपदे मिळवणारा तो पहिला पुरुष. वय वर्षे सोळा! आपल्याकडे या वयाचा मुलगा दहावीच्या निकालाची वाट पाहत असतो किंवा अकरावीच्या वर्गात नुकता बसलेला असतो.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, सतराव्या वर्षी त्याला रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक किती अंतराने हुकले याचा हिशेब मोठा मनोरंजक आहे. तो तुम्हीच करून पाहा. पॅरिसमध्ये बोल्डरिंगला १०० आणि लीडला १०० असे गुण होते. लीडच्या भिंतीवरच्या शेवटच्या १० पकडींना प्रत्येकी ४ गुण, त्याखालच्या १० ना प्रत्येकी ३, त्याखालच्या १० ना २ आणि त्याखालच्या १० ना १. बेरीज बरोबर १०० येते. पकड हाती धरून पुढच्या पकडीकडे खरोखरीची झेप घेतली तर ०.१ अधिक. अंतिम फेरीत बोल्डरिंगमध्ये आनराकुचे ६९.३ आणि ब्रिटनच्या टोबी रॉबर्ट्‌सचे ६३.१ गुण होते. लीडमध्ये रॉबर्ट्‌सला ९२.१ मिळाले. आनराकु सर्वांत शेवटी चढला आणि ७६.१ वर निसटला. आता सांगा, तो शेवटच्या दहांपैकी कितव्या पकडीवरून पडला? आणि सुवर्णपदकासाठी त्याला आणखी किती पकडी हव्या होत्या?

तीस पकडींचे ६० गुण झाले. उरलेले १६ म्हणजे चार पकडी. तो दहांपैकी चौथ्या पकडीवर होता आणि पाचवीकडे झेपावला होता. रॉबर्ट्‌सची बेरीज १५५.२. ती ओलांडायची तर आनराकुला लीडमध्ये निदान ८६ हवे होते. सहाव्या पकडीवर ८४ होतात, ते अपुरे. सातव्या पकडीवर ८८. म्हणजे तीन पकडी! सहा मिनिटांत संपणाऱ्या एका चढाईतले वीतभर लांबीचे तीन तुकडे.

पुढे २०२५ साली सोल येथील जागतिक स्पर्धेत बोल्डरिंगचे सुवर्णपदक त्याने मिळवले.

तो पडला, म्हणजे नेमके काय झाले? कोणते बळ कमी पडले? आता धड्यांकडे वळू या.

घर्षणापासून सुरुवात

एक लाकडी फळी घ्या. तिच्यावर पेन्सिलचे रबर, एक नाणे आणि चपलेचा जुना तुकडा ठेवा. फळीचे एक टोक सावकाश उचला. नाणे आधी घसरेल, रबर बऱ्याच उशिरा. ज्या क्षणी वस्तू घसरते त्या क्षणी फळीच्या टोकाची उंची आणि तिची जमिनीवरची आडवी लांबी मोजा. उंचीला लांबीने भागले की त्या दोन पृष्ठभागांचा घर्षणगुणांक मिळतो. टोक ३० सेंटिमीटर उचलले आणि आडवी लांबी ६० सेंटिमीटर भरली तर गुणांक ०.५. दोन्ही सारखी भरली, म्हणजे फळी ४५ अंशांत असताना वस्तू घसरली, तर गुणांक १.

आरोहकाच्या बुटाचा तळ मऊ, चिकट रबराचा असतो. कोरड्या, खडबडीत दगडाशी त्याचा गुणांक १ च्या आसपास जातो. म्हणून उतरत्या कातळावर तो हात न लावतासुद्धा चालत जाऊ शकतो. पावसाळ्यात त्याच कातळावर शेवाळ धरले की हा आकडा कोसळतो, आणि कर्नाळ्याला जून ते सप्टेंबर सुळक्याला हात का लावू नये हे वेगळे सांगायला नको.

पण भिंत अगदी उभी असेल तर? तिथे वजन भिंतीवर दाबत नाही. दाबच नाही तर घर्षण कुठून येणार? दाब आपणच निर्माण करावा लागतो. दोन समोरासमोरच्या कातळांमधल्या अरुंद फटीला आरोहक ‘चिमणी’ म्हणतात. पाठ एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला रेटून तो तिच्यात अडकून राहतो. समजा त्याचे वजन ५० किलोग्रॅम आणि दोन्ही बाजूंचा गुणांक ०.५. दोन्ही भिंतींकडचे घर्षण मिळून ५० किलोचा भार तोलायचा आहे. प्रत्येक बाजूने २५. तेव्हा पायांनी ५० किलोचा रेटा द्यावा लागेल. आपण जमिनीवर उभे राहतो तेव्हा पाय एवढेच काम करतात! म्हणून चिमणी भीतिदायक दिसली तरी तितकीशी दमवणारी नसते. शाळेच्या दाराच्या चौकटीत हा प्रयोग बहुतेक मुलांनी गुरुजींच्या नकळत केलेला असतो.

स्पर्धेच्या भिंतीवर ही सोय क्वचितच मिळते. ती भिंत बहुतेक वेळा चढणाऱ्याच्या अंगावर कललेली असते, गुहेच्या छतासारखी. पाय मदत करतात, पण अंगाचा मोठा भार येतो तो बोटांवर. आणि बोटांना घाम सुटतो. घामाचा थर मध्ये आला की त्वचा आणि पकड यांचा संबंधच तुटतो. त्यासाठी आरोहक कमरेच्या पिशवीतल्या पांढऱ्या पुडीत हात घालतात. तिला ते चॉक म्हणतात, पण हा फळ्यावरचा खडू नव्हे. फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो. ही पूड मॅग्नेशियम कार्बोनेटची, घाम शोषणारी. कसरतपटूंची ही पूड प्रस्तरारोहणात आणली ती जॉन गिल या अमेरिकन आरोहकाने, १९५० च्या दशकात. तो स्वतः कसरतपटू होता आणि व्यवसायाने पुढे गणिताचा प्राध्यापक झाला.

बोटात स्नायू नसतात

उजव्या हाताची मूठ उघडमीट करा आणि डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग चाचपा. कातडीखाली काहीतरी हलताना जाणवेल. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू तिथे आहेत. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच. कळसूत्री बाहुलीचे हात जसे दोऱ्यांनी हलतात तशी आपली बोटे लांबून ओढली जातात. या दोऱ्या म्हणजे कंडरा.

आणखी एक गंमत करा. तळहात टेबलावर उपडा ठेवा, मधले बोट दुमडून तळहाताखाली घ्या आणि मग बाकीची बोटे एकेक करून उचला. अंगठा उचलेल, तर्जनी उचलेल, करंगळीही उचलेल. करंगळीशेजारचे बोट मात्र जागचे हलणार नाही. बोटे सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या आहेत. मधल्या बोटाने अनामिकेची वाट अडवून धरली, एवढाच त्याचा अर्थ.

कंडरेवर ताण किती येतो? तरफेचा नियम लावू. नखाच्या पेराचा सांधा हा टेकू. पकडीचा भार बोटाच्या टोकावर, सांध्यापासून समजा दीड सेंटिमीटरवर. कंडरा मात्र सांध्याच्या अगदी जवळून, समजा अर्ध्या सेंटिमीटरवरून ओढते. भार १२ किलोचा असेल तर १२ गुणिले दीड म्हणजे १८. भागिले अर्धा म्हणजे ३६. बोटाच्या टोकाला १२ किलो, कंडरेला ३६ किलो. आणि १२ किलो काही अवास्तव नाही. ४८ किलो वजनाचा माणूस क्षणभर एका हाताच्या चार बोटांवर लटकला की प्रत्येक बोटाच्या वाट्याला तेवढेच येतात.

आता कंडरा बोटाला चिकटून का राहते ते पाहा. मासे पकडण्याच्या लांब काठीवर दोरा कड्यांतून ओवलेला असतो, तशाच कड्या आपल्या बोटांच्या हाडांवर आहेत. चिवट तंतूंच्या या कड्या नसत्या तर बोट वाकवताना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटून वर आली असती. बोट जितके तीव्र कोनात वाकेल तितका कड्यांवर ताण अधिक. दोर एखाद्या कडीतून काटकोनात वळला तर कडीवर दोराच्या ताणाच्या १.४ पट बळ येते. पायथागोरसच्या सिद्धांताने तुम्ही हे सिद्ध करू शकाल. प्रत्यक्षात हा ताण दोन-तीन कड्यांत वाटला जातो, एवढाच दिलासा. बारीक कंगोऱ्यावर बोटे दुमडून, मधला सांधा वर काढून धरण्याची जी पकड असते, तिच्यात मोठ्या माणसांची कडी कधी कधी फटकन तुटते. आवाज शेजारच्याला ऐकू जातो म्हणतात.

बुटक्यांचा फायदा आणि तोटा

मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, हत्तीला स्वतःएवढा हत्ती उचलता येत नाही. कारण तुम्हांला ठाऊक असेल. स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि वजन घनफळावर. उंची वाढली की बळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, वजन घनाच्या.

दोन आरोहक घ्या, एकाच बांध्याचे. एक १५० सेंटिमीटर, दुसरा १८०. उंचीचे गुणोत्तर १.२. बळाचे १.४४. वजनाचे १.७३. पहिल्याचे वजन ४५ किलो असेल तर दुसऱ्याचे जवळजवळ ७८. दुसरा अधिक बलवान खरा, पण किलोमागे त्याचे बळ पहिल्याच्या ८३ टक्केच. भिंतीवर किलोमागचे बळच कामाला येते. सोळा-सतरा वर्षांची, अंगाने सडपातळ मुले या खेळात एवढी पुढे का, याचे एक मोठे कारण हे. (एकमेव नव्हे. जपानमध्ये शेकडो बंदिस्त चढाईशाळा आहेत, आणि शाळा सुटल्यावर मुले तिथे एकमेकांचे पाहून शिकतात. हा गुण गणिताने मोजता येत नाही.)

निसर्गाने याची वसुलीही केली आहे. बुटक्याचा हात पोचत नाही. पॅरिसच्याच ऑलिम्पिकमध्ये आइ मोरी ही जपानी मुलगी महिलांच्या अंतिम फेरीत होती. तिची उंची १५४ सेंटिमीटर. बोल्डरिंगच्या पहिल्या कोड्याची सुरुवातीची पकड इतकी उंच होती की तिला उडी मारूनही ती धरता आली नाही. वेळ संपली, शून्य गुण. लीडमध्ये तीच मोरी सर्वांच्या वर गेली: ९६.१, म्हणजे शेवटची एकच पकड राहिली. तिची बेरीज १३५.१ झाली आणि ती चौथी आली. तिसऱ्या क्रमांकाच्या ऑस्ट्रियाच्या येसिका पिल्झचे गुण १४७.४ होते. एका कोड्याला २५ गुण असत. ते एक कोडे सुटले असते तर काय झाले असते हे तुम्ही बेरीज करून पाहा, आणि कोडे रचणाऱ्याने पकड इतकी उंच लावावी की नाही यावर वर्गात वाद घाला. जगभर तो झाला. माझे मत विचाराल तर उंच खेळाडूला अडचणीत टाकणारी कोडीही असतातच, पण सुरुवातच नाकारणे म्हणजे परीक्षेत प्रश्नपत्रिकाच न देण्यासारखे आहे.

कोडे हा शब्द मी मुद्दाम वापरला. स्पर्धकांना आधी वेगळ्या खोलीत बसवून ठेवतात. दुसरा कसा चढला हे त्यांना पाहता येत नाही. भिंतीसमोर उभे राहून, हवेत हात हलवत, ते मनातल्या मनात चढाई सोडवतात. भूमितीतला कठीण प्रश्न लिहायला घेण्यापूर्वी आकृतीकडे टक लावून पाहावे ना, तसेच.

तुमच्या वयाचा प्रश्न

आता जी गोष्ट सांगायची ती शिक्षकांनी आणि पालकांनीही लक्ष देऊन वाचावी.

मोठ्या माणसाच्या बोटात कडी तुटते असे वर म्हटले. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींत बहुधा ती तुटत नाही. दुखावते ते हाड. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. हाड लांब होते ते या चकतीतून. वाढ संपली की तिचे हाडात रूपांतर होते. बोटांत हे मुलींना साधारण चौदा-पंधराव्या वर्षी आणि मुलांना सोळा-सतराव्या वर्षी होते. तोवर ही चकतीच बोटातला सर्वांत कच्चा दुवा असते. कडी चिवट, कंडरा चिवट, आणि मध्ये ही मऊ चकती. साखळी जिथे कच्ची असते तिथेच तुटते.

एका दिवसात हे घडत नाही. बारीक पकडीवर रोजच्या रोज ताण पडून चकतीला चीर जाते. खूण ओळखता येते: बोटाचा मधला सांधा, बहुधा मधल्या बोटाचा, पाठीमागच्या बाजूने दुखू लागतो. दाबला की अधिक दुखतो. सूज थोडीशीच. मुलगा म्हणतो, “काही नाही, जरा मुरगळलंय,” आणि सराव चालू ठेवतो. असे दुखणे आठवडाभर राहिले तर चढणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे आणि हातांचा क्ष-किरण फोटो काढावा. वेळेवर विश्रांती मिळाली तर चीर सहसा भरून येते. दुर्लक्ष केले तर बोट कायमचे वाकडे होऊ शकते किंवा सांधा आखडतो.

बोटांच्या टोकांवर झेपा घेत वर जाण्यासाठी आडव्या लाकडी पट्ट्यांची एक फळी असते. तिला कॅम्पस बोर्ड म्हणतात. वाढ पूर्ण होईपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नये असे या खेळाचे डॉक्टर सांगतात. चित्रफितीत आनराकु काय करतो ते पाहून ते करायला जाणे हे क्रिकेटचा सामना पाहून पहिल्याच दिवशी ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू अंगावर घेण्यासारखे होईल.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. किलोमागच्या बळाचे गणित आपण वर केले. ते वाचून एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या मनात येईल की बळ वाढवणे अवघड, तर मग वजनच कमी करावे. अपूर्णांकाचा छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो! कागदावर हे बरोबर आहे. शरीरात मात्र अंश आणि छेद वेगळे नसतात. पुरेसे खाल्ले नाही की शरीर आधी चरबी आणि पाठोपाठ स्नायू जाळते. हाडांत कॅल्शियम साठण्याचे काम मंदावते, मुलींची पाळी थांबते, उंची वाढायची थबकते, किरकोळ ताणाने हाडांना चिरा जातात. वाढत्या वयात हाडांत जी भर पडायची ती पुढे पूर्णपणे भरून काढता येत नाही. डॉक्टर याला खेळातील ऊर्जेची तूट म्हणतात.

हा केवळ पुस्तकी इशारा नाही. काही आघाडीच्या खेळाडूंचे वजन चिंताजनक असूनही आंतरराष्ट्रीय संघटना पुरेशी पावले उचलत नाही, या कारणासाठी तिच्या वैद्यकीय समितीतील जर्मन डॉक्टर फोल्कर शॉफल यांनी २०२३ साली राजीनामा दिला. त्या घटनेने मोठी खळबळ उडाली. त्यानंतर २०२४ च्या मोसमासाठी नवे नियम झाले: खेळाडूची तपासणी करून तो खेळण्याजोगा निरोगी असल्याचा दाखला त्याच्या देशाच्या संघटनेने द्यावा लागतो, आणि तपासणीत धोका दिसला तर त्याला स्पर्धेपासून थांबवता येते. इतक्या उशिरा का होईना, हे झाले ते योग्यच झाले.

कोणाला या खेळाची खरोखर ओढ वाटत असेल तर मुंबई-पुण्याकडे गिर्यारोहण संस्था आहेत, कृत्रिम भिंती आहेत. तिथे शिकवणारे असतात, दोर असतो, दोर धरणारा असतो. पुण्याच्या तुहिन सातारकरसारखे आपल्याकडचे स्पर्धा-आरोहक अशाच भिंतींवर आणि कातळांवर तयार झाले. कर्नाळ्याच्या सुळक्यावर एकट्याने, दोराशिवाय चढून पाहण्याचा विचार मात्र कोणी मनातही आणू नये. तिथे पकड सुटली तर खाली गादी नसते.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगून थांबतो. शाळेच्या मैदानावरच्या आडव्या दांड्याला (बोटांच्या टोकांनी नव्हे, पूर्ण मुठीने) प्रत्येकाने लोंबकळावे, पाय जमिनीपासून वीतभरच वर असावेत, आणि दुसऱ्याने सेकंद मोजावेत. ज्याच्या बोटाला किंवा खांद्याला दुखापत असेल त्याने मोजणी करावी. आडव्या अक्षावर उंची आणि उभ्या अक्षावर सेकंद घेऊन आलेख काढा. उंची वाढते तसे सेकंद कमी होतात का, की ठिपके इकडेतिकडे विखुरतात? विखुरले तर का, याचा विचार करा: विहिरीचे पाणी शेंदणारा, झाडावर चढणारा, कबड्डी खेळणारा कोण कोण आहे ते विचारून पाहा. शिक्षकांना एक विनंती: आलेख उंचीचाच असू द्यावा, आणि वर्गासमोर कोणाचे वजन मोठ्याने वाचू नये.